नावाचा रकाना

"मामा, आता हे शेवटचं ना?" लॅपटॉपची वायर लावत नम्रताने विचारलं. "की यातही काही खोट निघणार आहे?"

"हेच ठरलं," श्यामसुंदरराव म्हणाले.

"अभिनंदन. मुली बघायला जाताना तुम्ही इतके पोहे खाल्ले नसतील."

एरवी ते हसले असते. आज त्यांनी पलंगाशी खुर्ची ओढली आणि उशीला टेकवून बसवलेल्या बहिणीकडे न बघताच चष्मा पुसला.

खडकीच्या कारखान्यात सामानाच्या भांडारात त्यांची उभी हयात गेली. नंबर पडल्याशिवाय तिथे खिळासुद्धा फळीवर चढत नसे. वडिलांनी हौसेने काढलेले, ट्रंकेत पडलेले सगळे फोटो त्यांनी निवृत्तीनंतर स्कॅन करून घेतले, पण एकाही फोटोला नाव दिलं नाही. आधी चांगलं सॉफ्टवेअर ठरायला हवं होतं. एकात मराठी नावं शोधून सापडत नसत. दुसऱ्यात भरलेली माहिती पुन्हा बाहेर काढता येत नसे. तिसरं सगळ्या बाबतींत उत्तम होतं, पण नाव रिकामं ठेवलं तरी मुकाट्याने नोंद घेत होतं. असलं ढिसाळ काम त्यांना खपणारं नव्हतं.

त्या चेहऱ्यांची नावं फक्त मंदाकिनीताईंना ठाऊक होती. श्यामसुंदर कळता होण्याआधीच वडील गेले. ताई त्यांच्याहून एका तपाने मोठ्या. कोथरूडहून त्यांचा फोन यायचा, "अरे, वही-पेन्सिल घेऊन ये. मी भराभर सांगते."

"ताई, एकदा सॉफ्टवेअर ठरू दे. दोनदा काम कशाला?"

"ठरव बाबा. मला काय, मी आहेच अमरपट्टा घेऊन."

हा टोमणा त्यांनी दर वेळी हसण्यावारी नेला.

श्रावणात ताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं, फक्त शब्द आत अडकले होते. नम्रताने आईसाठी बाराखडीचा तक्ताही आणून पाहिला, पण बोट भलत्याच अक्षरावर जायचं आणि ताई रडायच्या. त्यानंतर आठवड्याभरात श्यामसुंदररावांचं सॉफ्टवेअर ठरलं. वरातीमागून घोडं आणलंय हे त्यांना कळत होतं. घोडं घेऊन घरी बसवेना, म्हणून ते आले होते.

पहिला फोटो उघडला. सायकल धरून उभा असलेला एक हडकुळा माणूस. ताईंचे डोळे लकाकले. "बा, बा," त्या म्हणाल्या. आता प्रत्येक गोष्टीसाठी त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"बापूकाका?"

ताईंनी मान हलवली. नाही.

"शेजारचे कुणी? आजोळचे?"

नाही. आठवतील तेवढी नावं घेऊन झाली, मग श्यामसुंदररावांनी पुटपुटत टाइप केलं, "अनोळखी."

"मामा, रिकामं सोडा ना. आई ओळखतेय त्यांना."

"रिकामं सोडलं तर हे नोंदच घेत नाही."

"मग ती अट काढून टाका."

"काढता येत नाही. तशी सोय असलेली सगळी मीच बाद केली," ते म्हणाले. नम्रता यावर काहीतरी तिखट बोलणार होती, पण त्यांचा चेहरा बघून चहा ठेवायला निघून गेली.

एकामागून एक माणसं येत गेली. ताई प्रत्येकाला ओळखत होत्या आणि श्यामसुंदरराव प्रत्येकाला अनोळखी करत होते.

मग एक बाई आली. नऊवारी, मोकळं हसू, कडेवर तान्हं मूल. मुलाच्या भुवईवर खोक होती. श्यामसुंदररावांचा हात आपसूक स्वतःच्या भुवईकडे गेला. बाई मात्र आई नव्हती. आत्याही नव्हती.

"ताई, ही कोण गं?"

ताईंचा अर्धा चेहरा हसला. डाव्या हाताने त्यांनी पडद्यावरच्या बाईचा गाल कुरवाळला, मग तोच हात भावाच्या छातीवर ठेवला आणि बोलू लागल्या. "बा, बा, बा." कधी आवाज चढत होता, कधी लाडात येत होता. मध्येच त्या कशाला तरी हसल्या, शेवटी डोळ्यांतून पाणी आलं. एक अख्खी हकीकत सांगून झाली. श्यामसुंदररावांनी ती मान डोलवत शेवटपर्यंत ऐकली.

त्यानंतर त्यांनी कर्सर नावाच्या रकान्यात नेला. पहिलं अक्षर उमटताच ताईंनी डाव्या हाताचा पंजा सगळ्या बटणांवर पसरून ठेवला.

तो हात जड नव्हता. श्यामसुंदररावांनी तो हलकेच उचलून पांघरुणावर ठेवला आणि शब्द पुरा केला.