डावखुऱ्याचा दस्ता

आप्पासाहेबांनी रायफल औरंगाबादेतल्या बंदूकवाल्या मिस्त्रीच्या दुकानाच्या फळीवर ठेवली. जहांगीर मिस्त्रीनं ती उचलली आणि त्याचा हात दस्त्यावरच थांबला. गाल टेकवायचा उंचवटा उजव्या अंगाला होता. असा दस्ता डावखुऱ्यासाठीच तासतात. हा त्यानंच तासला होता, थोरल्या भावासाठी, करीमसाठी.

अठ्ठेचाळीस साली निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा करीम सोयगावकडं होता. पुढं माणूसही आला नाही अन् मढंही आलं नाही. पाकिस्तानात गेला, असं लोक म्हणाले. लई सोयीचं बोलणं. बोलणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. करीमची बायको जाहेदा मात्र गळ्यातली काळी पोत उतरवायला तयार नव्हती. नवरा मेला असं कुणी तोंडावर सांगितल्याशिवाय ती कशी उतरवणार?

"हिच्यावर दुर्बीण बसव, मिस्त्री," आप्पासाहेब म्हणाले. "बिबट्या समोर असतो अन् गोळी भलतीकडं जाती. नळी वाकडी दिसती."

नळी सुतासारखी सरळ होती. पण रायफल कुठली हे आत्ताच विचारलं, तर ती उचलून आप्पासाहेब चालते झाले असते.

"बसवतो. पण नळीचा अन् दुर्बिणीचा मेळ तुमच्या रानात येऊन घालावा लागंल."

"ये की. जेवायलाच ये."

सोयगावजवळच्या त्या रानात जहांगीरनं वाळूच्या पोत्यांवर रायफल ठेवली. दुर्बीण कड्यांमध्ये आवळलेली होतीच. त्यानं नळीच्या मागचा बोल्ट काढून घेतला. आता मागून डोळा लावून मोकळ्या नळीतून लांबची एक खूण धरायची, रायफल न हलवता दुर्बिणीतली फुली त्याच खुणेवर आणायची.

"खूण कोणती धरू?"

"ती बुजलेली विहीर हाय ना, तिचा काठ धर. दगड उडाला तरी कुणाचं काय जात नाय. तिचं पाणी कुणी पीत नव्हतं."

"का?"

"वास मारायचं."

जहांगीरनं डोळा लावला. अंधाऱ्या नळीच्या टोकाला रुपयाएवढा उजेड, आणि त्यात विहिरीचा काठ. तेवढ्यात वारा आला आणि नळी घुमली. हूऽऽ. लहानपणी करीम रिकाम्या नळीत असंच फुंकायचा, धाकट्याला भेवडवायला; लग्नानंतर जाहेदालाही. जहांगीरनं मागं पाहिलं. मागं नुसती तूर होती. त्यानं पेच फिरवत फिरवत फुली काठावर आणली.

"बघा."

आप्पासाहेबांनी रायफल उजव्या खांद्याला लावली. "अर्धा काळोख दिसतोय, मिस्त्री. काय बसवलं तू?"

"डाव्या खांद्याला लावून बघा."

त्यांनी लावली. गाल दस्त्यावर बरोबर बसला. फुलीत विहिरीचा काठ उभा राहिला. रायफल खाली आली तेव्हा तोंड उतरलं होतं.

"ही डावखुऱ्याची, हे तुला कसं कळलं?"

"दस्ता मी तासलाय. भाऊ डावखुरा व्हता माझा."

आप्पासाहेबांनी रायफल पोत्यांवर ठेवली. "मी निस्ती बंदूक काढून घेतली," ते म्हणाले. "विहिरीत ढकलणारे दुसरे व्हते."

गावोगाव हेच. ढकलणारे सगळीकडं दुसरेच होते. हे पहिले मात्र बंदुका, बैल, जमिनी घेऊन सुखानं नांदले, आणि मेलेल्यांना पाकिस्तानात पाठवून मोकळे झाले.

जहांगीरनं हत्यारं गोळा केली. "मेळ पक्का बसलाय. आता इकडं तोंड केलं की विहीर नीट दिसंल तुम्हाला."

"जेवून जा, मिस्त्री."

तो थांबला नाही.

औरंगाबादेत जाहेदा दारातच उभी होती. दिराचा चेहरा पाहून तिनं चौकटीला धरलं.

"भाभी, पोत उतारो."

ती रडली नाही. "किधर हैं?" एवढंच विचारलं.

"बावली में." तीच बुजलेली विहीर.

तिनं मानेमागं हात नेले. पोतीचा आकडा गंजला होता, निघेना. जहांगीरनं खिशातून दुर्बिणीचा बारीक पेचकस काढला आणि तो आकड्यात घातला. बाहेर वारा घुमला. हूऽऽ. जाहेदानं मान वळवली.

"सुनो," ती म्हणाली. "वो फूँक रहे हैं."