किल्ला कोणी पाडला?

शारजाच्या एका भारतीय शाळेत शालिनी चाळके एकोणीस वर्षं इतिहास शिकवत होत्या, आणि या एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाशी वाद घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. टाइमटेबल हातात पडलं की त्याची घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या. बदली तास आला तर निमूट घ्यायच्या. त्यामुळे आठवीच्या सहलीच्या आदल्या दिवशी वर्कशीटचा कागद घेऊन त्या इशिता मॅडमच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे वाक्य बदलायला हवं," तेव्हा इशिताला आधी खरंच वाटेना.

इशिता त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण को-ऑर्डिनेटर. सहल जवळच्या रास अल खैमा अमिरातीतला जुना किल्ला, आताचं म्युझियम, बघायला जाणार होती. वर्कशीटवर लिहिलं होतं, की १८१९-२० च्या लढाईत परकीय सैन्यानं शहर उद्ध्वस्त केलं आणि पुढे लोकांनी किल्ला पुन्हा उभा केला.

"काय चुकलंय यात?" इशितानं विचारलं.

"परकीय म्हणजे कोण?"

"ब्रिटिश. अजून कोण?"

"आणि ते आले कुठून?"

"लंडनहून आले असतील. मॅडम, उद्या साडेसातला बस आहे, मला अजून सगळ्या परमिशन स्लिप्स चेक करायच्यात."

"मुंबईहून आले," शालिनीबाई म्हणाल्या. "मुंबईहून जहाजं निघाली. त्यांत गोरे होते, तसे आपले शिपाईही होते."

इशितानं पेन खाली ठेवलं. "असेल खरं. पण ते मुलांना कशाला सांगायचं? आपण यांच्या देशात राहतो. उगाच सगळ्यांना ऑकवर्ड होईल. राहू दे ना तसंच. खलास."

शालिनीबाई कागद घेऊन परत फिरल्या. पण डोक्यातून ते जाईना.

जाणार तरी कसं? त्यांच्या सासरचं घर दापोली तालुक्यातलं. चुलत दिरांनी गेल्या वर्षी चाळक्यांचा कुळवृत्तांत छापला आणि त्याची एक प्रत कुरियरनं शारजाला आली. चौथ्या पानावर एका पूर्वजाचं नाव जाड अक्षरात होतं. ते कंपनी सरकारच्या पलटणीत होते, १८१९ साली समुद्रापार गेले आणि 'आरबांचा कोट सर करून' आले, असं लिहिलं होतं. शालिनीबाईंचे यजमान उल्हास यांचं इंडस्ट्रियल एरियात कामगारांचे डबे पुरवणारं किचन होतं. त्यांनी ते पान आपल्या आचाऱ्यांपासून डिलिव्हरी व्हॅनच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना अभिमानानं दाखवलं होतं. शालिनीबाईंनी तेव्हा नुसती मान डोलावली होती. पण सहलीची तयारी करताना साल जुळलं, आणि कोणता कोट ते कळलं, तेव्हा त्या ते पुस्तक मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या.

उल्हासना सांगितलं तर ते जेवता जेवता हसले. "अगं, दोनशे वर्षं झाली. कोण विचारतंय आता?"

"मी विचारतेय."

तसं त्यांचं हसू गेलं. "हे बघ, आपण इथे व्हिसावर आहोत. घरात काय बोलायचं ते बोल. शाळेत तोंड उघडू नकोस."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शालिनीबाईंच्या शेजारी रशीदा मुकादम बसल्या होत्या. रशीदा हिंदी शिकवायच्या. माहेर जयगडकडचं, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या खलाशी. दोघींची मैत्री शाळेतल्या पहिल्या वर्षापासूनची. शालिनीबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. रशीदा खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि शिपायांना इथवर आणलं कुणी? जहाजावर कोकणातले खलाशी असणारच की. तू एकटीच कशाला कपाळाला हात लावून बसलीस?"

किल्ल्यावर एमान नावाची एक तरुण अमिराती मुलगी त्यांना फिरवायला आली. काळा पायघोळ अबाया, पायांत स्पोर्ट्स शूज, आवाज खणखणीत. इंग्रजीत बोलत होती, पण मुलांना पेंग येऊ देत नव्हती. भिंतीतल्या दगडांवर तिनं त्यांना हात ठेवायला लावले. ते दगड समुद्रातल्या प्रवाळाचे होते, स्पंजासारखी भोकं असलेले. वर माडीत खजुराच्या खोडांचं छत होतं आणि वारा खाली ओढून आणणारा एक उंच मनोरा होता.

"इथे शेख राहायचे," ती सांगत होती. "लोक आपली भांडणं घेऊन इथेच यायचे. नंतर इथे पोलिस बसले. त्या खोल्यांमध्ये तुरुंग होता. म्हणजे हे नुसतं एका राजाचं घर नाही, हे अख्ख्या गावाचं घर आहे. आणि हे गाव एकदा पार सपाट केलं गेलं. तोफांनी बुरूज पाडले, घरं जाळली, होड्याही जाळल्या. लोक मागच्या खजुराच्या बागांमध्ये जाऊन राहिले. मग परत आले आणि दगडावर दगड ठेवायला लागले."

यम्ना नेहमी पहिल्या रांगेत असायची आणि तिचे प्रश्न कधी संपायचे नाहीत. तिनं हात वर केला. "हू ब्रोक इट? ब्रिटिशांनी? ते सगळे लंडनहून आले?"

"नाही," एमान म्हणाली. "बॉम्बेहून."

मुलांमध्ये खसखस पिकली. "बॉम्बे? आपलं बॉम्बे?" कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसलं. एमानच्याही लक्षात आलं, की समोर कोणती मुलं उभी आहेत. ती थबकली. ती संधी साधून इशितानं टाळी वाजवली. "ओके चिल्ड्रन, लाइन करा. यल्ला, चला, नेक्स्ट रूम."

रांग हलू लागली, पण यम्ना जागची हलली नाही. ती शालिनीबाईंकडे बघत होती. "मॅम, इज इट ट्रू?"

शालिनीबाईंच्या मनात उल्हासचं बोलणं आलं, इशिताचं आलं. पण समोर तेरा वर्षांची पोर उभी होती आणि जिला उत्तर ठाऊक होतं अशी इतिहासाची बाई तिथे एकच होती.

"थांबा सगळे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच मोठा वाटला. रांग थांबली. "खरं आहे. जहाजं मुंबईहून आली. त्यांत आपल्याकडचे शिपाई होते. त्यांतला एकजण माझ्या सासरच्या घराण्यातला होता. आमच्याकडे त्याचं नाव पुस्तकात छापलंय."

अंगणातली सगळी मुलं त्यांच्याकडे वळली. इशिता पुढे येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, प्लीज."

मागे उभ्या असलेल्या सत्यजितचा चेहरा लाल झाला होता. "सो आर वी द बॅड गाइज?"

"तू नाहीस. मीही नाही. आपल्यातलं कुणीच तेव्हा नव्हतं," शालिनीबाई म्हणाल्या. "पण इंग्रजांनी आपल्याला लुटलं हे मी तुम्हाला तावातावानं शिकवते ना? मग त्याच इंग्रजांचा पगार घेऊन आपली माणसं दुसऱ्याचं गाव जाळायला आली, हे सांगताना माझी जीभ का अडखळावी? शिकवायचं तर दोन्ही शिकवायचं. नाहीतर मी खडू खाली ठेवते."

 रशीदा येऊन त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

एमान इतका वेळ ऐकत होती. ती मुलांमधून वाट काढत समोर आली. चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. "तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? त्यानं काय केलं म्हणून?"

"किल्ला जिंकला असं लिहिलंय," शालिनीबाईंनी खरं ते सांगितलं.

"इकडे या."

ती त्यांना भिंतीशी घेऊन गेली आणि तळवा उघडा करून तिनं भिंतीवर थाप मारली. अंगणभर आवाज घुमला. "जिंकलेला दिसतोय का?"

शालिनीबाईंनी वर पाहिलं. बुरजावर ऊन होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "मुळीच दिसत नाही."

"मग घरी तसं सांगा," एमान म्हणाली. मुलांनी टाळ्या पिटल्या, सत्यजितनंसुद्धा. एमाननं वळून रांगेला पुढच्या खोलीत चलायची खूण केली आणि तिथे जाऊन मोती काढणाऱ्यांच्या दोऱ्यांबद्दल, नाकाला लावायच्या चिमट्यांबद्दल बोलायला सुरुवात केली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

घडलं ते चौथ्या दिवशी. एका पालकाची मेल आली, की परक्या देशात नेऊन एका शिक्षिकेनं आमच्या शूर सैनिकांचा अपमान केला. उपप्राचार्य झुबेर सरांनी शालिनीबाईंना केबिनमध्ये बोलावलं. झुबेर सर मूळचे महाडचे. दार लावल्यावर ते मराठीत बोलायचे.

"शालिनीताई, बसा. हे पत्र मी तयार करून ठेवलंय. 'सहलीतील माझ्या विधानांबद्दल मी दिलगीर आहे.' एवढंच आहे. सही करा आणि विषय संपवा."

"सर, त्यातलं काय खोटं होतं?"

"खोटं नाही हो. पण गरज काय होती?"

"मुलीनं विचारलं, तेव्हाच गरज होती."

झुबेर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅनेजमेंटला हे असलं आवडत नाही. पुढच्या महिन्यात तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आहे. मी स्पष्टच बोलतो."

"बरं केलंत," शालिनीबाई म्हणाल्या. त्यांनी पेन घेतलं, छापलेल्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मी जे सांगितलं ते खरं आहे. मुलांनी विचारलं तर पुन्हा सांगेन.' खाली पूर्ण नावानं सही केली.

झुबेर सर काही बोलणार, एवढ्यात दार वाजलं आणि रशीदा आत आल्या. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. "सर, माझीही सही घ्या. मी तिथेच उभी होते." आणि कागद ओढून त्यांनी शालिनीबाईंच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.

"रशीदाबाई, तुमचा यात काय संबंध?"

"जहाजं आपोआप चालत नव्हती, सर," रशीदा म्हणाल्या.

झुबेर सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून दोन्ही सह्या वाचल्या. मग त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "जा, तास सुरू झालाय."

घरी उल्हास चिडले. ऐकलंस ना शेवटी मनाचंच, असं म्हणून भाजीचं पातेलं आपटलं आणि दोन दिवस धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दापोलीहून त्यांच्या चुलतभावाचा फोन आला. त्या पालकाचं कुणीतरी ओळखीचं निघालं होतं आणि गोष्ट चाळक्यांच्या ग्रुपवर पोचली होती. शालिनीबाई स्वयंपाकघरात होत्या, पण फोन स्पीकरवर होता.

"वहिनींना जरा आवर, उल्हास. घराण्याची अब्रू काढताहेत."

उल्हासनी फोन टेबलावरून उचलून समोर धरला. मग म्हणाले, "पुस्तक तू छापलंस ना? तिनं ते वाचलं. वाचायचं नव्हतं तर पाठवलंस कशाला?" पलीकडून काहीतरी बोलणं आलं, तसा त्यांचा आवाज चढला. "आणि आवर काय, आवर? ती इतिहासाची मास्तरीण आहे. मी डबे पोचवतो, ती इतिहास शिकवते. ज्यानं त्यानं आपलं काम करावं." फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. बायकोकडे न बघता म्हणाले, "ती किल्ल्यावरची बाई नक्की काय म्हणाली होती?"

शालिनीबाईंनी सांगितलं. उल्हासनी स्वतःच्या तळव्यानं दाराच्या चौकटीवर एक थाप मारून बघितली आणि न राहवून हसले.

मार्चच्या शेवटी निकाल कळला. कॉन्ट्रॅक्ट वाढवून मिळालं, पण आठवीचा इतिहास काढून घेतला. नव्या वर्षात त्यांना चौथी आणि पाचवी दिली. स्टाफरूममध्ये काहीजणी हळहळल्या, काहींना बरं वाटलं. यम्ना आणि चार-पाच मुली वर्गाबाहेर येऊन रुसून उभ्या राहिल्या, त्यांना शालिनीबाईंनी दटावून तासाला पाठवलं. वाईट वाटलंच. आठवीचे धडे त्यांचे आवडते होते. पण सही केल्याचा पस्तावा त्यांनी मनात शोधून पाहिला, तर तो कुठेच नव्हता.

नवं सत्र सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चौथीच्या सहलीचा फॉर्म भरला. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं: किल्ला, रास अल खैमा. इशितानं तो वाचला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फॉर्मकडे पाहिलं.

"चौथीला? परत तिथेच?"

"तिथेच. चौथीची पोरं तर आणखी प्रश्न विचारतात."

इशितानं सुस्कारा टाकला आणि फॉर्म झुबेर सरांकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी तो मंजूर होऊन आला. कडेला सरांनी पेन्सिलीनं मराठीत दोन शब्द लिहिले होते: 'हळू बोला.'

शालिनीबाईंनी ते वाचलं, फॉर्म रशीदाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता काही मला हळू बोलायला जमायचं नाही बघ." मग त्यांनी किल्ल्याला फोन लावला आणि चौथीच्या बेचाळीस मुलांसाठी तारीख मागितली.