साठच्या आत

शिशिर माझा एकुलता एक मुलगा. आयुष्यात त्याने कुठल्या माणसाला जपलं नसेल इतकं त्या नव्या गाडीला जपलं. शोरूममधल्या माणसाने किल्ली देताना सांगितलं होतं, की पहिले हजार किलोमीटर नव्या इंजिनाला सवय लागू द्यायची. साठच्या वर न्यायची नाही, एकाच वेगात चालवायची नाही, जोरात ब्रेक मारायचा नाही, गाडी माणसांनी भरायची नाही. शिशिरने हे सगळं पोथी ऐकावी तसं ऐकलं. मी मागे उभी होते आणि मला हसू आलं, कारण या पोराने माझं एक वाक्य कधी पूर्ण ऐकून घेतलेलं नाही.

त्याच दिवशी सुनेच्या, चित्राच्या, बांगड्या सोनाराकडून आणायला आम्ही सदर बाजारात शिरलो. गर्दीत एका स्कूटरवाल्याचं हँडल गाडीच्या आरशाला घासलं. ओरखडा बोट फिरवून शोधावा लागला असता. शिशिर खाली उतरला, त्या माणसाच्या डोक्यावरचं हेल्मेट ओढून काढलं आणि त्याच हेल्मेटने त्याच्या तोंडावर दोनदा मारलं. तो माणूस गटाराच्या कडेला बसून रक्त थुंकू लागला. शिशिर परत आला, रुमालाने नीट हात पुसला आणि मगच स्टिअरिंगला हात लावला.

"काहून मारलं रे त्याले?" मी ओरडले.

"आई, तू चुप बैठ."

तो हिंदीत शिरला की समजायचं, डोकं फिरलंय. चित्रा पुढच्या सीटवर बांगड्यांची डबी मांडीवर घेऊन बसली होती. ती दचकलीही नाही, आणि तिचं ते न दचकणं माझ्या डोक्यातून जाईना.

मग रोज सकाळी दोघं गाडी घेऊन तेलीबांध्यावरून नव्या रायपूरकडे जाऊ लागले. तिकडचे रस्ते रुंद आणि रिकामे, इंजिनाला सोयीचे. शेजारच्या अपर्णाताई गॅलरीतून म्हणायच्या, "नशीब काढलं पोट्टीनं, विनोदिनीबाई! रोज फिरवून आणून राहिला नवरा."

एका सकाळी ते नशीब परत आलं तेव्हा चित्राच्या मानेच्या उजव्या बाजूला लाल वळ होता.

"सीटबेल्ट घासला, आई," चित्रा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी पाटबंधारे ऑफिसात नोकरी केली आणि नवरा गेल्यावर त्याची जुनी गाडी कैक वर्षं स्वतः चालवली. डाव्या सीटवर बसणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. उजव्या बाजूला फक्त गाडी चालवणारा असतो. मला जो राग आला तो रात्रभर उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधीच मी मागच्या सीटवर जाऊन बसले. हातात पाण्याची स्टीलची मोठी बाटली.

"लोड नाही टाकायचा अजून, आई," शिशिर म्हणाला. "दोघंच चालते."

"मग तू उतर. मले येते चालवता."

त्याने दार आपटलं नाही, नव्या गाडीचं दार तो आपटत नसे. नुसते ओठ आवळले आणि निघाला.

रिकाम्या रस्त्यावर तो गाडी चाळीसवर नेई, पंचावन्नवर नेई, परत खाली आणी. चित्राचं काम काट्यावर नजर ठेवायचं. काटा साठच्या जवळ आला की तिने "साठ" म्हणायचं.

"ऐक आई, कसा मक्खन आवाज आहे," तो म्हणाला. इतक्या मायेने त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

चित्रा मागे वळली. "आई, ऊन लागून राहिलं का तुम्हाले?"

तेवढ्यात काटा साठच्या पुढे गेला. त्याने गिअर खाली घेतला, तोच डावा हात उचलून उलट्या मुठीने तिच्या तोंडावर मारला आणि परत गिअरवर ठेवला. इतक्या सफाईने, की गाडीला झटकासुद्धा बसला नाही. तिच्या नाकातून रक्त आलं. तिने ते घाईघाईने ओढणीत धरलं, सीटवर पडू नये म्हणून.

"थांबव!" मी किंचाळले. "थांबव गाडी, मेल्या!"

"नई गाड़ी में ब्रेक ज़ोर से नहीं मारते," तो म्हणाला आणि हळूहळू गाडी कडेला घेतली.

गरम इंजिन लगेच बंद करायचं नाही हाही त्याचा नियम, म्हणून इंजिन चालू ठेवूनच तो उतरला. पलीकडून चित्राचं दार उघडलं, केस धरून तिला मातीत ओढलं आणि लाथ घातली. "माँ के सामने बेइज़्ज़ती करवाती है?" दुसरी लाथ बरगडीत बसली. ती पोटाशी पाय घेऊन नुसती पडून राहिली.

मी उतरून भरलेली बाटली त्याच्या कानामागे हाणली. तो वळला. मला वाटलं, आईला बघून हात आवरेल. त्याने माझं उजवं मनगट धरून मागे मुरगळलं, आतून कडकन आवाज येईपर्यंत, आणि मग एक थोबाडीत दिली. माझा ओठ फाटला. याला मी जन्म दिला याचा मला त्या क्षणी इतका संताप आला, की बाटली डाव्या हातात घेऊन मी सगळा जीव एकवटून त्याच्या तोंडावर मारली. त्याच्या भुवईतून रक्त उडालं आणि तो गुडघ्यांवर बसला.

"चित्रा, ऊठ! गाडीत बस!"

तिला उठता येईना. मी दंड धरून तिला आत ढकललं आणि वळसा घालून स्टिअरिंगवर बसले. तोवर तो उठून मागच्या दाराला लटकला होता. मी पहिला गिअर टाकला आणि पाय तळाला टेकवला. इंजिन किंचाळलं. तो थोडा फरफटत आला, मग त्याचा हात सुटला. आरशात पाहिलं तर तो रस्त्यात उठून बसत होता. मेला नव्हता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची चीडही आली.

"आई, साठ," चित्रा म्हणाली.

काटा ऐंशीकडे चालला होता.

"आई, साठच्या वर गेली. हळू करा ना. ते मारतील."

"फुटू दे इंजिन," मी म्हटलं. तिने दोन्ही कानांवर हात घेतले.

रस्त्यात जे पहिलं पोलीस ठाणं लागलं तिथे मी गाडी घातली. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीने पाणी दिलं, खुर्च्या दिल्या आणि चित्राला विचारलं, काय झालं.

"गिर गई थी, सर," चित्रा म्हणाली.

"चित्रा!"

"तिथंच राहायचं आहे न परत, आई," ती माझ्या कानाशी कुजबुजली.

बायकोने 'मारलं नाही' म्हटलं की पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. नवरा येतो, हात धरतो, घरी घेऊन जातो. मी माझं सुजलेलं मनगट टेबलावर ठेवलं.

"तो इसका मत लिखो. मेरा लिखो. मेरे लड़के ने मेरा हाथ तोड़ा है."

मुन्शीचं पेन थांबलं. "सगा बेटा है, माताजी?"

"हव," मी म्हटलं. "सगा."

तेवढ्यात कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून शिशिर आवारात आला. शर्टावर रक्त, एक डोळा मिटलेला. त्याला बघताच चित्राने माझं तेच मोडलेलं मनगट घट्ट धरलं. मी ते सोडवून घेतलं नाही. आता तो आत येणार आणि ती उठून त्याच्या मागे जाणार, याची मला भीती वाटली.

तो आत आलाच नाही. खिडकीतून आम्हाला दोघींना स्पष्ट दिसलं. तो आधी गाडीकडे गेला. बॉनेटवर तळहात ठेवला, चटका बसला तसा मागे घेतला, बॉनेट उघडून आत वाकला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मग त्याने दारावरच्या शिपायाला विचारलं, "कितने पे भगाके लाए ये लोग?"

चित्रा बघत होती. नाकाखालचं रक्त वाळून काळं झालं होतं. तिने माझं मनगट सोडलं आणि खुर्ची ओढून मुन्शीच्या टेबलाजवळ नेली.

"मैं गिरी नहीं थी, सर," ती म्हणाली. "शादी के पहले हफ़्ते से लिखिए."