नमुन्याचं घर

ड्रिल भिंतीत घुसलं आणि एकदम मोकळंच फिरायला लागलं. ताईने भोकात तार घालून पाहिली. बाहेरची थंडी अडवणारा चार बोटं जाड थर तिथे असायला हवा होता. तारेला साधा धागाही लागला नाही. भिंत पोकळ, आणि घर सख्ख्या धाकट्या भावाचं! भर दुपारी भावजय तान्ह्या बाळाला दोन शालींत गुंडाळून बसली होती. कोपऱ्यातली ओल काळी पडली होती.

"पण दर्जा तर 'अ' आहे ना?" भाऊ म्हणाला. "तुझी सही बघून डोळे मिटून चौथ्या मजल्यावरचं घर घेतलं मी."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं ती ऊर्जा तपासनीस म्हणून नव्या घरांना दर्जा देत होती. नियम असा, की इमारतीतलं एकच घर तपासायचं आणि तोच दर्जा सगळ्यांना द्यायचा. ते घर निवडणार कोण, तर बांधणारा! कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं, देव जाणे. साइट इंजिनिअर दर वेळी तळमजल्यावरचं घर उघडून द्यायचा, शिवाय चहा पाजायचा. ही बाई दाराला पंखा लावून हवा कुठून गळते ते बघायची, आकडे टिपायची की मोकळी. जिने चढायचा तिला कायम कंटाळा.

ती तडक त्याच वसाहतीच्या साइटवर गेली. तिसऱ्या इमारतीचे कागद सहीसाठी तयारच होते.

"चौथ्या मजल्याची किल्ली द्या."

"मॅडम, नमुना तळमजल्याचा आहे. सगळं नियमात बसतं," इंजिनिअर म्हणाला.

"नियम गेला खड्ड्यात! माझ्या भावाचं पोर कुडकुडतंय तिकडे."

तो हसला. "मग आधीच्या दोन इमारतींवर सह्या कुणाच्या? आधी तुमचाच परवाना जाईल."

त्याच्या मुस्काटात द्यावी असं तिला वाटलं. पण मेला खरं बोलत होता, आणि त्याचाच संताप जास्त होता. त्याच्याच टेबलावर बसून तिने खात्याला अर्ज लिहिला: दोन्ही इमारतींची प्रमाणपत्रं रद्द करा, भिंती उघडून पाहा, मी वर न जाता सह्या केल्या आहेत.

मग तिने भावाला फोन लावून अर्ज वाचून दाखवला. "हे पाठवलं तर तुझं घर कुणी विकत घेणार नाही. पाठवू?"

पलीकडे बाळ खोकत होतं.

"तेव्हाच वर चढली असतीस, तर आज विचारावं लागलं नसतं," भाऊ म्हणाला. "पाठव. आणि काही दिवस आमच्याकडे येऊ नकोस, ताई."