रिक्षावरच्या कर्ण्याने उगवलेला सूड

मित्रांनो, डहाणूच्या बाजारात एखाद्या रिक्षाच्या टपावर पोचा पडलेला कर्णा दिसला, तर तो मी. तरुणपणी मी चकचकीत होतो. लग्न असो, जत्रा असो, माझ्यावाचून पान हलत नसे. आता काम नसले की मला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवतात. त्याचे मला वाईट वाटते.

माझी मालकीण योगिता स्वतः रिक्षा चालवते. तिच्या घरी सात वर्षांपासून जमना राहते. दोघींचा संसार आहे. पाड्यात ते सर्वांना ठाऊक होते आणि कोणाचे काही अडले नव्हते. जमना गायला आल्याशिवाय तलासरीकडे नवरीला हळद लागत नसे.

मग निवडणूक आली. एका उमेदवाराने प्रचारासाठी आमची रिक्षा ठरवली आणि आपल्या भाषणांचे दोन पेनड्राइव्ह दिले, एक डहाणूसाठी आणि एक तलासरीसाठी. डहाणूत साहेब मधाळ बोलत, "प्रेम ज्याचं त्याचं. दोन बायांनी लग्न केलं, तर आपल्या पोटात का दुखावं?" तलासरीचे भाषण योगिताने आधी ऐकले नव्हते. भर बाजारात मीच ते ओकलो. "असल्या बाया म्हणजे कीड आहे. त्यांना मांडवात पाऊल ठेवू देऊ नका."

त्याच आठवड्यात तीन घरांतून निरोप आला, "जमना, यंदा तू नको येऊ." जमना दोन दिवस जेवली नाही. माझ्याच तोंडून गेलेले शब्द ते. मला स्वतःची किळस आली.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी योगिताने पेनड्राइव्हची अदलाबदल केली. सकाळी तलासरीत मधाळ भाषण, दुपारी डहाणूत किडीचे. मी एकही शब्द खाल्ला नाही. तलासरीत म्हातारा झिपरू म्हणाला, "म्हंजे हा आपल्याला येडा समजतो." डहाणूत कॉलेजच्या मुली रिक्षाभोवती जमल्या आणि मोबाइल काढून उभ्या राहिल्या.

साहेब घाम पुसत आले. "हे कोणी वाजवलं?"

"आवाज तुमचाच हाय, साहेब," योगिता म्हणाली. "आमी नुसता फिरवला."

निवडणुकीत साहेब सपाटून पडले. मला फार आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण जमनाला अजून एकाही हळदीचे बोलावणे आलेले नाही. साहेब घरी बसले, त्यांचे बोलणे मात्र अजून पाड्यापाड्यांत फिरते आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा कर्ण्यांना पुसून कोरड्या जागी ठेवा. आणि आमच्या तोंडी जे घालणार आहात, ते आधी ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर बसून म्हणून बघा. जमत नसेल तर गप्प राहा. मी म्हातारा झालो असलो, तरी अजून खणखणीत वाजतो.