मधले पाच महिने

"काकू, तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर थांबता का?" कॅमेरेवाली मुलगी म्हणाली, तसा सुलभाताईंनी नवऱ्याच्या कोपराखालचा हात काढून घेतला. हिमायतनगरच्या त्या क्लिनिकच्या गुळगुळीत फरशीवर भगवंतराव एकटे अकरा पावलं चालले. उजवा पाय ओढत, पण चालले. मकरंदने टाळ्या वाजवल्या.

मकरंद सुलभाताईंचा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. नल्लकुंट्याला त्यांच्याच घरी राहून शिकला आणि आता याच क्लिनिकसाठी पेशंट मिळवून आणायचं काम करत होता.

भगवंतराव कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. झटका आला तेव्हा उजवं अंग आणि वाचा एकदमच गेली. सुलभाताईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी कंबर कसली. सकाळी सहाला भगवंतरावांची आखडलेली बोटं एकेक करून उघडायची, गॅलरीच्या कठड्याला धरून उभं करायचं, मग समोर बसून शब्द वदवून घ्यायचे.

"पाणी."

"पा..."

"हौ, पुढं?"

पाचव्या महिन्यात ते कुणाला न धरता न्हाणीघरापर्यंत गेले. त्या दिवशी सुलभाताईंनी देवापुढे साखर ठेवली.

मकरंद क्लिनिकची गोष्ट घेऊन आला तो त्यानंतर. "आत्या, आता स्टेम सेल घेऊन टाकू. काकांच्याच कमरेच्या हाडातून पेशी काढतात आणि पाठीच्या कण्यात सोडतात. मेंदूची मेलेली जागा त्या भरून काढतात." घरचाच पोरगा. सह्या कुठे करायच्या ते त्याने बोटाने दाखवलं, त्यांनी केल्या.

इंजेक्शन झालं, मग क्लिनिकमधला तो व्हिडिओ; त्यालाही महिना झाला असेल. एका दुपारी कुकटपल्लीहून पल्लवी नावाची एक तरुण बाई आली. तिचे वडील दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले.

"मकरंद सरांनीच पत्ता दिला. स्वतः जाऊन बघा म्हणाले," असं म्हणत तिने फोन पुढे केला.

पडद्यावर आधी भगवंतराव पडून होते. तोंड वाकडं झालेलं, उशीवर लाळ. दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी मकरंदने ते टिपलं होतं, 'माझ्या बाबांना दाखवायला' म्हणून. खाली लिहिलं होतं, 'उपचारापूर्वी'. लगेच ती अकरा पावलं. 'उपचारानंतर'. मधले पाच महिने कुठेच नव्हते.

"इंजेक्शननंतरच चालायला लागले ना, काकू?"

भगवंतराव खुर्चीतून उठले. तिला दारापर्यंत चालून दाखवलं आणि कमरेवर थोपटत म्हणाले, "सुई... सुई."

"नाही गं," सुलभाताई म्हणाल्या. "सुईच्या आधीपासून चालायलेत हे. सुईनंतर नवीन असं मी तरी काही बघितलं नाही. तू आधी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरला विचार. मीही विचारायला पाहिजे होतं."

पल्लवीने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मग म्हणाली, "घरी आई वाट बघायलीय, काकू. तिला काय सांगू?" चहा तसाच ठेवून ती गेली. भगवंतरावांनी बायकोकडे पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सुलभाताई स्वतः सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी क्लिनिकचे कागद वाचले. "हा उपचार अजून संशोधनातच आहे. चाचणीबाहेर तो कुणी विकायचा नाही, असा नियम आहे. पाय आले ते व्यायामाने, आणि मेंदू पहिल्या काही महिन्यांत स्वतःही थोडा सावरतो."

तिथल्याच बाकावर बसून त्यांनी मकरंदला फोन लावला.

"आत्या, त्या व्हिडिओत एकही चित्र खोटं नाहीये. काका खूश आहेत ना? मग उगाच परेशान नको होऊ."

"नियम तुला ठाऊक होता का?"

"सगळेच करायलेत, आत्या."

"तुझ्या बापाला दाखवायला म्हणून काढलंस ना ते?"

पलीकडून फोनच कट झाला.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात होत्या. बाहेर भगवंतरावांचा फोन वाजला. मकरंदचाच असणार, भगवंतराव बराच वेळ नुसते हुंकार भरत होते. मग त्यांचा आवाज आला, ठणठणीत, कोर्टात पुकारा करावा तसा.

"सुलभाला यातलं काही कळत नाही."

सुलभाताई हातातली पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. कालपर्यंत दोन शब्दांपुढे भगवंतरावांची गाडी जात नव्हती. आज सबंध वाक्य, आणि एकही शब्द अडखळला नाही. 'कळत'मधला ळसुद्धा स्वच्छ आला होता. त्या एका अक्षरासाठी सुलभाताईंनी तीन आठवडे घसा कोरडा केला होता.

त्यांनी गॅस बंद केला, ताट घेतलं, आणि भगवंतरावांना ठसका लागू नये म्हणून भात वरणात अगदी मऊ कालवायला लागल्या.