फळ्यावरची चार जुलै

शामकांत देवधरांना दिनविशेषाचं भारी वेड. सिंगापूरला तुआसच्या यार्डात जहाजं दुरुस्त करणारा हा इंजिनियर, पण त्यांच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये शिरावं तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा! रोज चहाआधी त्यावर खडूनं तारीख लिहायची, आणि खाली त्या दिवशी जगात कधीकाळी काय काय घडलं ते. मुलगी मधुरा लहानपणी दप्तर अडकवत सिंगापुरी ढंगात म्हणायची, "बाबा, हू केअर्स लाह!" आणि तीच शिकायला अमेरिकेत गेल्यावर दर रविवारी फोनवर विचारायची, "आज फळ्यावर काय?"

बुधवारी संध्याकाळी फोन आला तो तिच्या वर्गमित्राचा, प्रतापचा. मधुराला गाडीनं उडवलं होतं. ती आयसीयूत होती. "काका, लवकर या," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

लवकर या! व्हिसा काय खिशात घेऊन फिरतं कुणी? गुरुवारचा अख्खा दिवस यार्डाचं पत्र, हॉस्पिटलचा फॅक्स, फोटो यातच गेला. सगळं हातात आलं तेव्हा चार वाजून गेले होते. "उद्या एम्बसीच्या दारात पहिला मी," शामकांत म्हणाले.

शुक्रवारी सकाळीही त्यांनी फळा लिहिलाच. सवय हो, दुसरं काय! ४ जुलै १९९७. १७७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. १८२६, अमेरिकेच्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांचा एकाच दिवशी मृत्यू. १८३१, आणखी एका माजी राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू.

"आज तरी मेलेल्यांची यादी नको हो," त्यांची बायको जया कळवळून म्हणाली. त्यांनी फाइल काखेत मारली आणि टॅक्सी गाठली.

एम्बसीचं फाटक बंद. चिटपाखरूही नाही.

"हॉलिडे लाह, अंकल," पहारेकरी म्हणाला. "फोर्थ जुलै. मंडे कम."

शामकांतांनी कपाळावर हात मारून घेतला. अरे, तासापूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की! पंधरा वर्षं हा माणूस तारखा लिहीत आला, पण त्या तारखेला कुणी दार लावून घरी बसतं, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. आधी सुचतं तर काल अर्धेमुर्धे कागद घेऊन येऊन खिडकीपाशी पाया पडले असते. पहारेकऱ्यानं बिचाऱ्यानं एम्बसीचा एक तातडीचा नंबर दिला. तो लागला, पण तो फक्त अमेरिकन नागरिकांसाठी होता. तरीही तासभर ते त्या फाटकासमोर उभे राहिले. जाणार कुठे?

शनिवारी सकाळी त्यांनी फळा पुसला आणि ५ जुलै लिहिलं. खाली काहीच सुचेना. दहा वाजता फोन वाजला. प्रतापच्या आवाजामागे धडाम्‌धुडूम चाललं होतं.

"हे कसले आवाज?" शामकांतांनी आधी हेच विचारलं. खरं विचारायची छाती होईना.

"फटाके आहेत काका. इथं अजून चार तारीखच आहे ना." मग तो रडायला लागला. "मधुरा गेली, काका. आत्ताच."

जयाला सांगावं लागलं नाही. ती बराच वेळ भिंतीला टेकून बसली. मग उठली, ओल्या फडक्यानं पाचाचा आकडा पुसला आणि खडू त्यांच्या हातात दिला.

"चार लिहा," ती म्हणाली. "तिची तारीख चार आहे."

शामकांतांनी चार लिहिला. त्याखाली एक ओळ लिहायची होती. त्यांचा हात वर जाईना.